सावलीतली जोडफुलं

ऑक्टोबर आला की आपल्या पार्सिपनीकर घरांत लगबग सुरू होते. तुळस आत, कढीपत्ता आत, मोगरा तर सगळ्यांच्या आधी आत! हे सगळे लाड करताना अंगणातला ओकखालचा कोपरा मात्र तसाच राहतो. तिथे ऊन नाही, गवत धरत नाही आणि होस्टा लावले तर हरणं फस्त करतात.

भारतात शिक्षिका असताना मी मुलांना घराभोवतीची झाडं ओळखायला लावायची. इथे माझ्या मुलीने झाडाखालच्या रोपांची नावं विचारली, तेव्हा मला एकही सांगता येईना. त्या शोधात ओळख झाली पार्ट्रिजबेरीची.

ही न्यू जर्सीच्या रानातलीच वेल. उंची जेमतेम दोन इंच. जमिनीसरशी पसरते, पेरापेराला मुळं धरते. नखाएवढी गडद हिरवी पानं बर्फाखालीही हिरवीच राहतात. शास्त्रीय नाव मिचेला रेपेन्स. व्हर्जिनियाचे डॉक्टर जॉन मिचेल यांचं नाव लिनिअसने तिला दिलं. याच मिचेलांचा १७५५ चा नकाशा १७८३ च्या पॅरिस तहाच्या वेळी अमेरिकेच्या सीमा ठरवताना वापरला गेला. आणि तिचं कुळ? कदंब, मंजिष्ठा आणि कॉफीचं. म्हणजे तशी ओळखीच्या घरातलीच!

जूनच्या सुमारास पांढरी, आतून लव असलेली फुलं जोडीने येतात. दोन्ही फुलांचे बीजकोश जुळलेले असल्यामुळे दोघांचं मिळून एकच लाल फळ होतं. त्यावरचे दोन ठिपके म्हणजे त्या दोन फुलांच्या खुणा.

मात्र एक मेख आहे. काही वेलींच्या फुलांत स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड असतात, काहींत नेमकं उलट. एका प्रकारचे पराग दुसऱ्या प्रकारापर्यंत पोचले, तरच फळ नीट धरतं. एकाच वेलीच्या फांद्यांपासून केलेली दहा रोपं आणलीत, तर फुलं दिसतील, पण फळांची आशा नको. म्हणून नर्सरीत वेगवेगळ्या मूळ वेलींची रोपं मागावीत.

लागवड वसंतात किंवा सप्टेंबरात करावी. माती आम्लधर्मी हवी, त्यामुळे चुना घालू नये. कुजलेला पालापाचोळा मिसळावा. पहिलं वर्ष नियमित पाणी द्यावं. पानगळीचा जाड थर वेलीवरून हलक्या हाताने काढावा, नाहीतर ती गुदमरते. वाढ सावकाश होते, घाई करू नये.

रानातून उपटून मात्र आणू नका. रानफुलं पाहायची असतील, तर बूनटनजवळच्या टूर्न पार्कमध्ये एमिली हॅमंड वाइल्डफ्लॉवर ट्रेल आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

आणि ज्यांच्याकडे ही वेल आधीच आहे, त्यांनी पाडव्याच्या कार्यक्रमाला मुळं धरलेली एखादी फांदी ओल्या कागदात गुंडाळून आणावी. मीही आणेन. तुमच्या-माझ्या वेलींचे प्रकार वेगळे निघाले, तर पुढच्या दिवाळीला दोघींच्याही अंगणात लाल फळं असतील.