रंध्याचं वय

पहाटे 5. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. विक्रेते खोकी उतरवत असतात, तेवढ्यात आम्ही बॅटऱ्या घेऊन हजर. मी शोधते ते स्टॅन्ले कंपनीचे बिडाचे रंधे.

6:30. नंबर 5 मिळाला, 14 इंची. लगेच उलटा केला. पातं जिथून बाहेर येतं तिथे बिडाला चीर गेलेली असली, तर रंधा मी जागेवर ठेवते. हा धड आहे. पुढच्या टोकावर ‘बेली’ हे नाव ओतलेलं, म्हणजे 1902 नंतरचा. लेनर्ड बेलीने आपली पेटंटं स्टॅन्लेला 1869 मध्ये विकली होती, पण नाव टोकावर यायला इतकी वर्षं गेली.

10 वाजता टेबलावर. पातं काढलं की मागे, मुठीच्या पुढ्यात, तीन तारखा वाचता येतात: 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902, 19 एप्रिल 1910. या पेटंटच्या तारखा आहेत. नवखे संग्राहक त्यांनाच रंध्याचं जन्मवर्ष समजतात. तिन्ही एकत्र असल्या तर बूड 1910 ते 1918 मधलं. पुढे त्या कमी होत गेल्या.

पण पुढचा शिसवी नॉब उंच आहे. या बुडाला ठेंगणा हवा. उंच नॉब 1919 च्या सुमारास आले. पातं दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचं भोक मूत्रपिंडाच्या आकाराचं, ते 1933 पासूनचं. पात्यावर हृदयाच्या आकारात एस. डब्ल्यू. ही अक्षरं: 1920 मध्ये रंधे बनवणारी ही कंपनी स्टॅन्ले वर्क्समध्ये विलीन झाली, त्यानंतरचा हा शिक्का. पात्यावरून वय सांगणाऱ्यावर मी कधीच विसंबत नाही. पातं झिजतं, सुतार नवं घालतो.

दुपारी 2. एका गिऱ्हाइकाने नंबर 1 चे फोटो पाठवलेत. साडेपाच इंचांचा हा चिमुकला रंधा फार महाग जातो, म्हणून त्याच्या नकलाही होतात. फोटोत पातं डावी-उजवीकडे कलवायची तरफ स्पष्ट दिसते. 1885 पासून ती मोठ्या रंध्यांना आली, नंबर 1 ला कंपनीने कधीच दिली नाही. ‘घेऊ नका,’ एवढंच कळवलं.

4 वाजता सफाई. तेलाचं फडकं, मऊ ब्रश, आणि भरपूर वेळ. ड्रिलला तारेचा ब्रश लावून गंज उडवणारे मूळचा ब्लॅक जपान हा काळा लेपही खरवडून काढतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो थर पुन्हा येत नाही.

7 वाजता चिठ्ठी लिहिली: बूड 1910–18, नॉब, कॅप आणि पातं नंतरचं. संग्राहक अशा मिश्र रंध्याला निम्मी किंमतही देत नाहीत. फर्निचर करणाऱ्या एका तरुणाने मात्र तो मागितलाय. त्याला तळ सरळ हवा आणि पातं 2 इंचांचं. दोन्ही आहे.