सात दिवसांची मुदत

सात दिवसांत सात ग्रंथ वाचण्याचा संकल्प सोडणारा वाचक बहुधा प्रथम पृष्ठसंख्येचाच हिशेब मांडतो, परंतु पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२) हाती घेतली म्हणजे, नायिकेच्या एकतर्फी पत्रांतूनच उलगडणारी ती चिमुकली कादंबरी एका बैठकीत संपत असली, तरी दोन पत्रांमधील अलिखित मजकूर पुढचा दिवसही बळकावून बसतो आणि सारी तजवीज कोलमडते. म्हणून तिच्यानंतर, माणदेशातील धनगरवस्तीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची सरळ चालीने सांगितलेली, अखेरीस दुष्काळापाशी येऊन ठेपणारी, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्यावी.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९), म्हणजे महायुद्धाच्या सावटाखाली युरोपातून निघालेल्या बोटीवरील प्रेमकथा, रात्री मात्र उघडू नये. झोपेचे खोबरे ठरलेले! विधवांच्या दुःस्थितीची कैफियत मांडणारे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पृष्ठांनी लहान खरे, पण त्यातील धर्मोपदेश आणि जुने गद्य घाईस दाद देत नाहीत, सबब त्यास रविवारची दुपार राखून ठेवावी. उरलेल्या दिवसांपैकी एक देवलांच्या ‘शारदे’स द्यावा, आणि नाटक असल्यामुळे, घरातील मंडळींची हरकत नसल्यास, ते मोठ्याने वाचावे.