कूपरेजच्या चिखलातला सेंटर फॉरवर्ड

१ डिसेंबर जवळ आला की जुन्या फुटबॉलवाल्यांत नेव्हिल डिसोझाचं नाव हमखास निघतं. मेलबर्न ऑलिम्पिक, १९५६, ऑस्ट्रेलियावर ४-२ विजय, त्यात नेव्हिलचे तीन गोल. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. एवढं बोलून झालं की आठवण संपते. मला ती तिथे संपलेली चालत नाही.

मेलबर्नचा तो सामना आपल्यापैकी पाहिला कुणी? मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली. आम्हाला नेव्हिल ठाऊक होता तो मुंबईतल्या कूपरेज मैदानावरचा. मूळचा गोव्याच्या बार्देशातल्या आसगावचा, पण खेळाडू म्हणून नावारूपाला आला टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या टीमकडून, आमच्या हार्वूड लीगच्या मुंबईत. आसगाव पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटलं १९६१ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधीच तिथला मुलगा भारतासाठी गोल करत होता.

मी गिरगावातून चालत कूपरेजला जायचो. आमच्या चाळीत सगळे क्रिकेटवेडे, फुटबॉलला जाणारा मी एकटा. तिथे पोचलं की शेजारी धोबी तलावच्या कुडीतले, म्हणजे गावकीच्या बिऱ्हाडातले, गोवेकर, पलीकडे भेंडीबाजारातली मंडळी, मागे ऑफिसातून थेट आलेले कारकून. आपल्या कंपनीची टीम खेळतेय म्हटल्यावर आख्खं खातं यायचं. मुंबईचं फुटबॉल पावसाळ्यातलं. मध्यंतरापर्यंत दोन्हीकडचे शर्ट चिखलाने एकाच रंगाचे झालेले असायचे. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन धोंड्यासारखा जड व्हायचा, त्याला डोकं लावायला छाती लागायची. लांब मारलेला पास अर्ध्या वाटेत डबक्यात रुतून बसायचा. बॅक पास पोचेल या हिशोबाने उभा असायचा. खरा सेंटर फॉरवर्ड मात्र चेंडू कुठे अडेल तो ठिपका आधीच हेरून ठेवायचा. असे गोल करणारे या चिखलानेच घडवले, हे मी चाळीस वर्षं लिहीत आलो आहे. नेव्हिल त्यांतला सर्वांत मोठा.

आमच्या काही विद्वानांचं म्हणणं असं की ऑस्ट्रेलिया तेव्हा कच्चीच होती, त्या हॅटट्रिकचं काय एवढं! ऑस्ट्रेलियाचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलंच फुटबॉल, हे कबूल. पण मग उपांत्य सामन्याकडे बघा. समोर युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं झोडपलं होतं. मेलबर्नला मध्यंतरानंतर पहिला गोल झाला तो भारताचा, आणि तो केला नेव्हिलने. पुढे आपण ४-१ हरलो, पण काही मिनिटं का होईना, भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात आघाडीवर होता. युगोस्लाव्हियाने त्या वेळी रौप्यपदक नेलं. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत बसला. मला विचाराल तर त्या चारांतला हा चौथा गोलच सगळ्यांत मोलाचा.

दुसरा एक पक्ष सगळं श्रेय हैदराबाद आणि कलकत्त्याला देऊन मोकळा होतो. भारताचे हैदराबादी प्रशिक्षक रहीमसाहेब, त्यांचं मोठेपण कोण नाकारेल? उजवीकडून पी. के. बॅनर्जी नसता तर नेव्हिलपर्यंत चेंडू तरी कसा आला असता? पण शेवटी तो जाळ्यात घातला मुंबईच्या ऑफिस-टीमच्या खेळाडूने, आणि १९५८ साली कलकत्त्याच्याच मोहन बागानला हरवून रोव्हर्स कप मुंबईत ठेवला कॅलटेक्सने. आमच्या लीगला दुय्यम म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

साठ-सत्तरच्या दशकांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, त्यात शिरत नाही. मफतलाल, ऑर्के, महिंद्र अशा कंपन्यांच्या टीम आल्या. कंपनीची नोकरी होती म्हणून खेळाडूच्या घरची चूल पेटत होती, हे मुंबईच्या फुटबॉलचं साधं गणित. नोकऱ्या आटल्या आणि टीमही गेल्या. १८९१ पासूनचा रोव्हर्स कप या शतकाच्या तोंडावर थांबला. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. कूपरेजवर आता कृत्रिम हिरवळ आहे. पाऊस कितीही पडो, चेंडू सरळ धावतो.

नेव्हिल गेला १६ मार्च १९८० ला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. रहीमसाहेबांवरचा 'मैदान' हा सिनेमा आला तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो होतो. घरी येताना त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही नेव्हिलला खरंच पाहिलंय?" मी त्याला तसाच कूपरेजला घेऊन गेलो आणि फाटकाबाहेरून दाखवलं, आम्ही कुठे बसायचो ते.