मजकुराचे वर्गीकरण: नियमांपासून लायब्ररीपर्यंत

एखादी बातमी किंवा लेख आधी ठरवलेल्या वर्गांपैकी कोणत्या वर्गात बसतो हे संगणकाकरवी ठरवणे, म्हणजेच मजकूर-वर्गीकरण, या विषयाचा मागोवा घेताना रँड कॉर्पोरेशनमधील एम. ई. मॅरन यांच्या १९६१ सालच्या प्रयोगापर्यंत मागे जावे लागते. मजकुरात आलेल्या शब्दांवरून त्याच्या विषयाची संभाव्यता काढण्याची त्यांची रीत पुढे ‘नाइव्ह बेझ’ या नावाने रूढ झाली. प्रत्येक शब्द इतरांपासून स्वतंत्र आहे असे ती धरून चालते, आणि भाषेच्या बाबतीत हे गृहीतक उघडच खोटे असले तरी पद्धत कामाला येते. १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी मोजक्याच मजकुरांत आढळणाऱ्या शब्दाला अधिक वजन देण्याचा विचार मांडला. एवढे होऊनही १९८०च्या दशकात रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी उभी राहिलेली वर्गीकरण-प्रणाली तज्ज्ञांनी हाताने लिहिलेल्या नियमांवरच चालत होती.

त्याच संस्थेच्या १९८७ सालच्या बातम्या, वर्ग नेमून दिलेल्या स्वरूपात, पुढे संशोधकांच्या हाती आल्या आणि १९९६ मध्ये ५९५ दुबार बातम्या काढून टाकल्यावर २१,५७८ बातम्यांचा जो संच उरला, त्यावर पुढची कित्येक वर्षे नव्या पद्धतींची परीक्षा होत राहिली. थॉर्स्टन योआखिम्स यांचे १९९८ सालचे ‘सपोर्ट व्हेक्टर मशिन’ या वर्गीकरण-पद्धतीवरील काम याच काळातले. मात्र असा प्रयोग उभारायचा तर मजकूर फोडण्यापासून गुण मोजण्यापर्यंतची बरीचशी यंत्रणा ज्याची त्याला जुळवावी लागे.

हे चित्र बदलले ते लायब्ररींमुळे, म्हणजे वारंवार लागणारा कोड तयार स्वरूपात पुरवणाऱ्या संचांमुळे. २००७ मध्ये डेव्हिड कूर्नापो यांनी ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये सुरू केलेल्या आणि फ्रान्सच्या ‘इन्रिया’ या संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सायकिट-लर्न’ने शब्द मोजणारे साधन, वजन देणारे साधन आणि वर्ग ठरवणारे साधन हे सारे एकाच साखळीत ओवण्याची सोय केली, ‘फिट’ म्हटले की ती साखळी उदाहरणांवरून शिकते आणि ‘प्रेडिक्ट’ म्हटले की नव्या मजकुराचा वर्ग सांगते. पूर्वी आठवडे खाणारे काम मोजक्या ओळींवर आले, पण त्या ओळींआड कोणते निर्णय आधीच घेतले गेले आहेत हे पाहण्याची सवयही त्यामुळे सुटली. याची जाणीव खुद्द लायब्ररीच्या दस्तऐवजातच करून दिलेली आहे: वीस इंग्रजी चर्चागटांतील संदेशांच्या प्रसिद्ध संचातील चार विषयांवर ०.८८ इतका गुण मिळवणारे मॉडेल, संदेशांचे शीर्षभाग, स्वाक्षऱ्या आणि उद्धृते काढून टाकताच ०.७७ वर उतरते, कारण ते विषयाऐवजी बऱ्याच अंशी पत्रलेखक ओळखत होते.

मराठी मजकुराच्या बाबतीत ओळींआडचा असा एक निर्णय फारच महागात पडतो. सायकिट-लर्नच्या मूळ मांडणीत शब्द म्हणजे सलग दोन किंवा अधिक अक्षरचिन्हे, आणि पायथॉन भाषेचे नमुना-शोधक साधन देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त यांना अक्षरचिन्हे मानत नाही. त्यामुळे शब्द तेथे तेथे तुटतो. ‘मुंबई’चे ‘बई’ उरते, ‘निवडणूक’चे ‘वडण’, ‘क्रिकेट’ समूळ नाहीसे होते, आणि ‘पाऊस’ या शब्दाचा तर ‘ऊस’ होतो, म्हणजे हवामानाची बातमी साखर कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहते. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, गुणही अगदीच वाईट येत नाहीत, म्हणून दोष ध्यानात येण्यास वेळ लागतो. उपाय साधा आहे: शब्दाची व्याख्या सांगणारा नमुना बदलणे, किंवा शब्दांऐवजी तीन-चार चिन्हांचे तुकडे मोजणे. दुसऱ्या उपायाने ‘घरात’, ‘घराला’, ‘घरांतून’ अशा प्रत्यय लागलेल्या रूपांतील समान भागही हाती लागतो, म्हणून मराठीसाठी तोच अधिक फलदायी म्हटला पाहिजे. २०१६ साली फेसबुकने खुल्या केलेल्या ‘फास्टटेक्स्ट’ या लायब्ररीचा शब्द हाताळण्याचा मार्गही बराचसा हाच होता.

आश्चर्य असे की २०१८ मध्ये गूगलच्या ‘बर्ट’ या अफाट मजकुरावर आधीच शिकवून ठेवलेल्या मॉडेलसोबत हीच चूक वेगळ्या वेषात परतली. त्याच्या पहिल्या बहुभाषिक आवृत्तीत युरोपीय अक्षरांवरील स्वरचिन्हे पुसण्यासाठी ठेवलेली पायरी देवनागरीतील उकार, मात्रा आणि अनुस्वारही पुसत असे, आणि ‘मुंबई’चे ‘मबई’ होई. त्याच वर्षी आलेल्या, मराठीसह १०४ भाषांच्या सुधारित आवृत्तीत ही पायरी गाळली गेली, तरी २०२० साली ‘एआयफोरभारत’ या गटाने दिलेल्या ‘इंडिकबर्ट’ या भारतीय भाषांच्या मॉडेलमध्येही ही चिन्हे राखण्याची सूचना वापरणाऱ्याला स्वतः द्यावी लागत होती.

पुण्याच्या ‘एल३क्यूब’ या गटाने २०२३ मध्ये ‘महान्यूज’ हा एक लाखाहून अधिक नोंदींचा, १२ वर्गांचा मराठी बातमीसंच प्रसिद्ध केला, त्यात निव्वळ मथळे, परिच्छेद आणि पूर्ण बातम्या वेगळ्या ठेवल्या आहेत. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण लांब बातमीत चार शब्द गळाले तरी उरलेले शब्द वर्ग सांगतात, पाच-सहा शब्दांच्या मथळ्यात मात्र एकटे ‘क्रिकेट’ गळाले तरी वर्ग ठरवण्यास फारसा आधार राहत नाही.