उन्हाळी राजवाडे, भाग ६ : आधी लूट, मग निमित्त

गेल्या आठवड्यात आपण युआनमिंगयुआन उभा राहताना पाहिला. १७०७ साली सम्राट कांग्शीने मुलाला दिलेली बीजिंगच्या वायव्येची एक बाग नातू चिएनलुंगच्या काळापर्यंत सुमारे साडेतीनशे हेक्टरांवर पसरली. युरोपीय लोक तिला ‘उन्हाळी राजवाडा’ म्हणत, पण सम्राटांचा मुक्काम वर्षातला मोठा काळ इथेच असे. दरबार इथे भरे, फर्मानं इथून निघत. आज तो जळला कसा, ते पाहू.

जळला १८६० साली, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी चीनशी केलेल्या दुसऱ्या अफूयुद्धाच्या अखेरीला. चीनमध्ये उतरणाऱ्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा होता आणि तो मुंबई बंदरातून जाई. सर जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तीतही या व्यापाराचा हिस्सा होता. जे. जे. रुग्णालयावरून जाताना हे आठवलं तर काही बिघडत नाही.

आगीची हकिकत सहसा अशी सांगतात : चिन्यांनी तहाच्या बोलणीसाठी आलेल्या लोकांना पकडलं, त्यांचे हाल केले, बरेच जण मेले, म्हणून ब्रिटिशांनी सूड घेतला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त तारखा शेजारी मांडून पाहाव्यात.

बोलणीला गेलेला ब्रिटिश अधिकारी हॅरी पार्क्स आणि त्याच्याबरोबरचे लोक तुंगचौजवळ पकडले गेले १८ सप्टेंबरला. त्यांत ‘टाइम्स’चा बातमीदार टॉमस बोल्बी होता, तसे ‘फेन्स हॉर्स’ या हिंदी रिसाल्याचे सवारही होते. हात करकचून बांधून त्या दोऱ्यांवर पाणी ओतत, म्हणजे त्या आणखी आवळत. बोल्बी कैदेतच मेला. चारच दिवसांनी, २२ तारखेला, सम्राट श्यानफेंग चंगदेच्या राजवाड्याकडे पळाला. ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी फ्रेंच सैन्य युआनमिंगयुआनच्या दाराशी आलं. मूठभर खोजांनी अडवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी लूट सुरू झाली. पार्क्स सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, आणि मेलेल्या कैद्यांची प्रेतं छावणीत पोचली ती त्यानंतर. म्हणजे महाल धुऊन निघाले तेव्हा सुडाचं कारण कोणाला पुरतं ठाऊकच नव्हतं.

लुटीत रेशमाची ठाणं, जेडची भांडी, मुलाम्याची घड्याळं, जे हाती लागेल ते गेलं. ब्रिटिशांनी आपल्या वाट्याच्या मालाचा रीतसर लिलाव पुकारला आणि आलेला पैसा सैन्यात वाटला. चोरीचा हिशेब चोख ठेवण्याची ही हौस मला लुटीपेक्षाही विलक्षण वाटते. महालात सापडलेला एक चिमुकला पेकिनीज कुत्रा व्हिक्टोरिया राणीला नजर झाला. त्याचं नाव ठेवलं ‘लूटी’.

जाळण्याचा हुकूम ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिनचा. काही कैद्यांना या आवारातच डांबलं होतं, आणि शिक्षा रयतेला नको, थेट सम्राटाला बसावी, असा त्याचा युक्तिवाद होता. लुटीत पुढे असलेल्या फ्रेंचांनी आगीला मात्र नकार दिला. १८ ऑक्टोबरला काम सुरू झालं. जाळणाऱ्यांत पंजाबी पलटणीचे शिपाईही होते. इमारती बहुतेक लाकडाच्या, त्यामुळे दोन दिवसांत आटोपलं. बीजिंगवर धूर पसरला होता. सत्तावीस वर्षांचा कॅप्टन चार्ल्स गॉर्डन, पुढे खार्टुमला मारला गेला तोच, पत्रात हळहळला. त्याच दमात, वेळ कमी असल्याने नीट लुटता आलं नाही, असंही लिहून गेला. पार्थेनॉनची शिल्पं अथेन्सहून इंग्लंडला नेणारा एल्गिन हा या एल्गिनचा बाप. आणि प्लेगच्या दिवसांत, रँडचा खून झाला तेव्हा, हिंदुस्थानात व्हाइसरॉय होता तो याचा मुलगा. हा स्वतःही १८६२ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला आणि पुढच्याच वर्षी धरमशाळेला वारला.

आज छायाचित्रांत दिसतात ते पांढरे, कोसळलेले दगडी खांब मूळ बागेच्या एका कोपऱ्यातले आहेत. कास्तिल्योने नावाच्या इटालियन जेझुइटाने चिएनलुंगसाठी आखलेले ते पाश्चात्त्य धाटणीचे महाल. दगडी होते म्हणून उरले. चीन ज्या अवशेषांपुढे हळहळतो ते असे युरोपीय नक्षीचे. तेही पुरते उरले नाहीत. नंतरची कित्येक दशकं आसपासच्या लोकांनी आणि लष्करशहांनी इथून झाडं, विटा, दगड गाड्या भरभरून नेले. हा भाग फारसा सांगितला जात नाही.

या कोपऱ्यात एक जलघटिका होती. माणसाचं धड आणि प्राण्याचं डोकं अशा बारा मूर्ती बसलेल्या. चिनी दिवसाचे प्रहर बारा, म्हणून दर दोन तासांनी पाळी बदले आणि एकेकीच्या तोंडातून पाणी उडे. भर दुपारी बाराही एकदम. त्यांतली सात ब्राँझची डोकी चीनमध्ये परत आली आहेत. बैल, माकड आणि वाघ २००० साली हाँगकाँगच्या लिलावात चीनच्या एका सरकारी कंपनीने विकत घेतले. उंदीर आणि ससा २००९ मध्ये पॅरिसला बोलीला निघाले. एका चिनी माणसाने सर्वांत मोठी बोली लावली आणि मग पैसे द्यायला साफ नकार दिला. शेवटी २०१३ मध्ये एका फ्रेंच उद्योगपतीने ती दोन्ही चीनला भेट दिली. ड्रॅगन, साप, मेंढा, कोंबडा आणि कुत्रा यांचा पत्ता नाही.

त्याच आगीत शेजारची आणखी एक बाग जळाली होती. ती मात्र पुन्हा उभारली गेली, आरमाराच्या पैशातून. ती उभारणारी सम्राज्ञी त्सिशी आणि तिची दगडी नौका पुढच्या आठवड्यात.