तिसऱ्यांना भोक कोण पाडतं? आधी शंख ओळखा



भोक पडलेल्या रिकाम्या तिसऱ्यांचे फोटो ग्रुपवर बरेच आले. काहींनी रागाने वाळूतले बटणाएवढे चकचकीत शंख बादल्या भरून वर सुक्यावर टाकले. थांबा! गुन्हा त्यांचा नाही.

शंख तळहातावर घ्या आणि या खुणा बघा.

१) बटण शंख (अंबोनियम): चपटा, भिंगासारखा. उलटा केला की मधोमध, बेंबीच्या जागी, गुळगुळीत जाड थर दिसतो. हा पाण्यातले बारीक कण गाळून खातो. तिसरीच्या वाटेला जात नाही.

२) चंद्र शंख (नॅटिका): पिल्लू असताना बटणाएवढंच, पण फुगीर आणि गोलसर. शेवटचा वेढा मोठा, टोक अगदी छोटं. तोंड अर्ध्या चंद्रासारखं, शेजारी बहुतेक वेळा बेंबीचा खळगा. भोक पाडणारा हाच.

भोकसुद्धा साक्ष देतं. चंद्र शंखाचं भोक गोल, बाहेर रुंद आणि आत निमुळतं. सुतार स्क्रूचं डोकं बसवायला पाडतो तसं. तिसरी पायात घट्ट धरून, कवच रसाने मऊ करून तो दातांनी खरवडत राहतो. त्याला कित्येक तास लागतात. भोक नळीसारखं सरळ असेल तर खरबरीत, काटेरी म्युरेक्सच्या जातीतला शंख समजा.

म्हणून तिसऱ्या लावल्यात तिथे चंद्र शंख दिसले तर हाताने वेचा, पण बटण शंख परत वाळूत सोडा. शंका आली तर वरून एक आणि खालून एक असे दोन फोटो पाठवा, आपण मिळून ओळखू.

– सचिव