साबुदाण्याच्या कंदाची फिलिपिनी वडी

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरात वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती असते. त्या दिवशी उपवासाला साबुदाणा खाणाऱ्या घरांना फिलिपिन्सची पिची-पिची ही वडी परकी वाटू नये. दोन्हींचा कंद एकच, टॅपिओका. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फिलिपिन्समध्ये तो सोलून, किसून, साखर-पाणी घालून छोट्या साच्यांत वाफवतात. पांढरा कीस शिजला की काचेसारखा पारदर्शक होतो; उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या वाफवणाऱ्या बायकांना ही खूण नेमकी ठाऊक असते. वड्या निवल्या की ओल्या खोबऱ्यात घोळवायच्या. खोबरं ताजंच हवं. आपला साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. कंद मिळालाच, तर कच्चा अजिबात खाऊ नका: त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कडू जातींत जास्तच.